पिल्लाचा आवाज

अल्माटीतल्या तालमीत रौशानचा सूर पुन्हा घसरला. ऑपेरात ती पिल्लाला जवळ न घेणारी उंटीण होती. सापारआजोबांनी आपल्या कोबिझवर, त्या पुरातन तंतुवाद्यावर, गज फिरवला, की उंटिणीला पाझर फुटायचा. पिल्लाचं रडणं तेवढं कॉम्प्युटरवरचं. ते सुरू झालं, की रौशानचा जीव थाऱ्यावर राहत नसे.

“हा आवाज आणलास कुठून?” तिनं नवऱ्याला विचारलं. संगीत त्याचंच होतं.

“आपल्या लेकाचाच, अल्दियारचाच आहे,” तो चाचरला. “आई त्याला गावी घेऊन गेली ना, तेव्हाचा. जरा बदललाय.”

पहिलं नातवंड आजीनं वाढवायचं, ही कझाकांची रीतच. तेव्हा रौशाननं ब्र काढला नव्हता.

तिनं गाडीची किल्ली उचलली. “आजोबा, कोबिझ घ्या नि चला. उंटीण केव्हाची तयार आहे. पाझर सासूबाईंना फोडायचाय.”