आईच्या तोंडची कविता

तुम्ही मला चोर ठरवलंत. काळा-गोरा भेद नको, म्हणून स्पर्धेत कवीचं नाव झाकून कविता वाचायची, हा नियम तुमचाच. अमेरिकेतल्या मेम्फिसच्या आमच्या काळ्या वस्तीत माझी आई भेंडी तळता तळता शेजारणीशी जशी बोलते, तशीच्या तशी मी कविता लिहिली. तिचं बोलणं एकदा तरी तुमच्या स्पर्धेच्या पुस्तकात यावं, एवढंच मला हवं होतं. तुम्ही कळवलंत, "कुण्या गोऱ्याने काळ्यांची बोली चोरून नक्कल केली आहे. हा त्यांचा अपमान आहे. कविता नामंजूर."

आई पोट धरून हसली. "चोरलंसच की गं! मला विचारलं होतंस? जा, आता सांग त्यांना कुणाची लेक आहेस ते."

मी फोन लावला. "मी ओडेसा टिलमन. मी काळीच आहे हो. माझी आई अशीच बोलते."

तुमच्या स्पर्धेच्या कचेरीतल्या बाई हळहळल्या. "अरेरे! माफ करा. मग तर कविता अप्रतिम आहे!"

"मग घ्या ना ती परत स्पर्धेत."



"आता कसं घेणार? नाव कळलं की कविता बाद."

आई स्वयंपाकघरातून ओरडतेय, "काय म्हणाल्या गं? कधी छापतायत मला?"

तिला काय सांगू? बोला की!