बर्फात चालायचे बूट

"हे नाई जमत," प्रफुल म्हणाला. "तळवा गुळगुळीत आहे. बर्फावर घसरन."

दुकानदार श्रीहरीने तिसरा जोड खोक्यात परत ठेवला. चंद्रपुरातलं हे चौथं दुकान. नोव्हेंबर असूनही डोक्यावर पंखा गरगरत होता आणि लोकरीच्या अस्तरात पाय घालून घालून हर्षाच्या कपाळावर घाम आला होता.

"नंबर कोणता म्हटला, ताई?"

"सहा. हे चप्पल पण आईचीच घालून आली मी," हर्षा हसली.

"माय नाई आली सोबत?"

"ड्युटी आहे तिची."

हर्षाची आई ललिता नागभीडच्या एका दवाखान्यात सिस्टर होती. हर्षानेही तिच्यामागोमाग नर्सिंगच केलं होतं.

"पोरीले कुठी धाडून राह्यले, भाऊ?"

हर्षाने बापाकडे पाहिलं. प्रफुल पंख्याकडे बघत म्हणाला, "जर्मनीले. दवाखान्यात नोकरी लागली."

"वा! नाव काढलं."

हर्षाने कपाळावरचा घाम पुसला.

प्रफुलला आता समजावून सांगायचा कंटाळा आला होता. राईस मिलमध्ये, विहारात, चहाच्या टपरीवर, जो भेटे तो तेच विचारी. एकटीले एवढ्या दूर धाडता कसे, भाऊ? सुरुवातीला तो उत्तर देई. मग नुसती मान हलवू लागला. मग रस्ताच बदलू लागला.

बावीस वर्षांत हर्षा चार दिवसांच्या वर कधी घराबाहेर राहिली नव्हती. कुणाच्या लग्नाला गेली तरी सांजेच्या गाडीने परत. गेलं वर्षभर पहाटे उठून ती जर्मन शब्द घोकायची, तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायचा. ही परीक्षा पास होऊ नये, असं त्याला वाटायचं. ती पास झाली, तेव्हा पेढे त्यानेच आणले होते.

श्रीहरीने उंच टाचेचे झोकदार बूट काढले. प्रफुल म्हणाला, पाय मुरगळन. मग जाडजूड काळे काढले.

"गरम आहेत," प्रफुल म्हणाला, "पण धानाच्या बांधीत चिखल तुडवाले उतरल्यावानी दिसते."

हर्षा स्टुलावर बसली. तिचा आवाज अगदी खाली आला. "बाबा, खरं सांगा. बूट पसंत नाई, का जाणंच पसंत नाई?"

प्रफुलने खांद्यावरच्या दुपट्ट्याने तोंड पुसलं. मग त्याने स्वतःच वरच्या फळीकडे बोट केलं.

"तो काढा."

तपकिरी रंग, घोट्याच्या वरपर्यंत उंची, आत मऊ लोकर, खाली दातेरी जाड तळवा. प्रफुलने शिलाई नखाने ओढून पाहिली. मग बुटात पार बोटांपर्यंत हात घातला आणि तसाच ठेवला. आत ऊब होती.

हर्षा ते घालून दुकानभर चालली. दोनदा पाय आपटून पाहिले.

"मस्त दिसते, बाबा."

"दिसलेच पायजे. परक्या मुलखात लोक पायापासून पाह्यतात. कोणी हलकं समजू नये."

हर्षाने फोटो काढून आईला पाठवला. लगेच उत्तर आलं. तिने फोन बापापुढे धरला. ‘बाबाले आवडले का?’

प्रफुलने ते दोनदा वाचलं.

"हो म्हण," तो म्हणाला आणि पाणी प्यायला बाहेर गेला.

जानेवारीत तिघं नागपूरच्या विमानतळावर उभी होती. दारावरचा जवान तिकीट पाहून एकेकाला आत सोडत होता. इथून पुढे एकटीनेच जायचं होतं. रांगेत पुढे दोनच माणसं उरली, तेव्हा प्रफुलला दिसलं, एका बुटाची नाडी सैल झाली आहे.

तो भर गर्दीत गुडघ्यांवर बसला. नाडी सोडली, पुन्हा बांधली, वर आणखी एक गाठ मारली. दुसऱ्या बुटाची नाडी चांगली होती, तरी तीही सोडली. लोक सामानाच्या गाड्या वळवून बाजूने जात होते, वळून बघत होते. गाठ बसली तरी त्याचे हात बुटांवरून निघेनात.

"उठा आता," ललिता त्याच्या खांद्यावर हात ठेवत म्हणाली, "पोरगी पाह्यून राह्यली."