चालतं हत्यार

रुपरावांनी आधी मेन स्विच पाडला आणि मगच हळदीत बोट बुडवलं. चालत्या हत्याराला कुंकू लावायचं नाही, हा विणकराच्या घरचा दसऱ्याचा नेम. माग होता तेव्हा धोटा खाली ठेवून, हात बाजूला घेऊन पूजा व्हायची. माग गेला, त्या जागी सुनेचं कॉम्प्युटरचं टेबल आलं. नेम मात्र जागचा हलला नाही.

पंखा थांबला. पडदा काळा झाला. आतून कामिनी पदर खोचत धावत आली.

"मामाजी, लाइट गेली का?"

"गेली नाही, म्या पाडली. मुहूर्त निघून चालला होता."

"बाप्पा! मी कॉपी करून राहिली होती ना! दोन्ही डिस्क लावून होत्या!"

"मंग काय झालं? पूजा झाली का लावून देतो."

पूजा यथासांग झाली. टेबलावरच्या दोन काळ्या डब्यांना हळद, कुंकू, वर एकेक झेंडू. दोन्हींत ऐवज एकच होता: रुपरावांच्या घराण्यातल्या लुगड्यांच्या करवती काठांचे नमुने, झाडून सगळे, कामिनीने चौकोन-चौकोन रंगवून साठवलेले. एकात अस्सल, दुसऱ्यात नक्कल. दिवाळीनंतर उमरेडच्या विणकाम वर्गात पोरींना हेच काठ शिकवायचे ठरले होते. दसऱ्याला हत्याराला हात लावायचा नाही, म्हणून सूनबाईंनी पूजेआधीच अस्सल डिस्कमधले काठ ओळीने नीट लावायला आणि त्याच दमात नक्कल उतरवायला घेतली होती. म्हणजे नेम तिनेही पाळला आणि सासऱ्यानेही. अशा घरात चूक शोधायची तरी कुठे?

स्विच वर केला. पंखा फिरला. पडद्यावर एक नम्र प्रश्न आला: ही डिस्क वाचता येत नाही, फॉरमॅट करायची का? दुसरी डिस्क लावली. तिनेही तेच विचारलं.

मागच्या गल्लीतला साहिल कॉम्प्युटर दुरुस्त करतो. दसऱ्याचा नवा शर्ट अंगावर चढवून तो निघालाच होता, त्याला तसाच धरून आणला. त्याने वायर बदलून पाहिली, दोन्ही डबे कानाशी धरले, स्वतःच्या लॅपटॉपला लावले. मग शर्टाची बाही वर केली. बाही वर केलेला मिस्त्री म्हणजे बातमी चांगली नाही, हे या मोहल्ल्यात लहान पोरालाही कळतं.

"काकाजी, डबा साबूत आहे. माल बी आत असन. पण कोणता माल कुठं ठेवला, तो पत्ता लिहून राहिली होती ते डिस्क, तेवढ्यात तुम्ही लाइट पाडली. पत्ताच अर्धा राहिला. दोन्हीतला."

"मंग अर्ध्यापासून सुरू कर ना गा. माग मधीच थांबवला तं धागा जिथल्या तिथं राह्यते. जेवून आलं, बसलं, का चालू. याचं काहून नाही राहत?"

साहिलने उत्तर शोधलं. चांगल्या यंत्रात तशी सोय असते, एवढं त्यालाही ठाऊक होतं. या डिस्कमध्ये ती नव्हती, हेही ठाऊक होतं, कारण त्या त्यानेच आणून दिल्या होत्या.

"याचं तसं नसते, काकाजी."

"मंग हे कायचं हत्यार?"

"मोठ्या दुकानात नेऊन पाहू. निघन काही. कोणतं निघन ते माह्या हातात नाही. आन ते फॉरमॅटचं विचारते ना, त्याले हो म्हणू नका. कोणीच म्हणू नका." शेवटचं वाक्य त्याने रुपरावांकडे पाहून म्हटलं.

रुपराव खुर्चीत बसले.

"कामिनी, तुले तं पाठ असन ना वं? तुह्याच हातानं भरले सारे."

"मले कुठून पाठ असन, मामाजी? 'दोन लाल सोड, एक उचल', असं तुम्ही सांगत गेले, मी भरत गेली. पाठ तं तुम्हाले आहे."

"मले?" रुपराव हसले. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. "मी तं आईच्या लुगड्यांवर बोट ठेवून सांगत होतो."

साहिलचा चेहरा उजळला. "मंग झालं ना, काकाजी! इतका वेळ रडून काहून राहिले? लुगडी काढा. वहिनी पुन्हा भरतीन. चार महिने लागतीन, लागू द्या."

आता सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. दारात रुपरावांच्या पत्नी रुखमाबाई उभ्या होत्या. सकाळपासून त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. लुगडी ठेवलेली ट्रंक त्यांच्या ताब्यात होती.

"काढ वं लुगडी," रुपराव म्हणाले.

रुखमाबाई हलल्या नाहीत.

"तुम्हीच तं म्हटलं होतं, आता सगळं कंप्युटरमंधी गेलं, कसर लागाची भीती नाही."

"म्हटलं होतं. मंग?"

"पोळ्याच्या आंधी भांडेवाली आली होती. जरीची पाहून खुश झाली बिचारी. सारीच घेतली तिनं."

साहिलने वर केलेली बाही खाली केली, बटण लावलं आणि ते लागलं की नाही हे फार वेळ पाहत राहिला.

"कोण भांडेवाली? कुठची?" कामिनीने विचारलं.

"मी काय तिचं गाव पुसलं? फिरती बाई ते."

"दिलं काय तिनं?" रुपरावांचा आवाज अगदी साधा होता, शेजाऱ्याची खबरबात विचारावी तसा.

रुखमाबाई आत गेल्या आणि वरण शिजवायचा स्टीलचा एक मोठा गंज घेऊन आल्या. नवा होता, जड बुडाचा. रुपरावांनी तो दोन्ही हातांनी घेतला. उठून खिडकीपाशी गेले, चष्मा नाकावर सरकवला आणि गिऱ्हाइकाने नवं लुगडं उजेडात धरावं तसा तो धरून, हळूहळू फिरवत, पाहत राहिले.