जबरदस्तीचा कागद

"आधी कागद, मग करवत," मिस्त्री म्हणाला आणि तडकलेल्या डोलकाठीकडे पाठ करून बसला.

कप्तानाचा हात तलवारीच्या मुठीवर गेला आणि तसाच परत आला. सहा दिवसांपूर्वी त्याच्या चाच्यांनी एक मालाचं जहाज लुटलं होतं. माल घेतला, खलाशांना होडीत बसवून सोडून दिलं, हा एक सुतार तेवढा ठेवून घेतला. कारण डोलकाठी मधोमध फुटली होती, तळातून पाणी येत होतं, आणि मेलेला सुतार साधा खिळाही ठोकत नाही, एवढं कप्तानाला कळत होतं.

"कसला कागद हवाय तुला?"

"मला तुम्ही जबरदस्तीने आणलंत, असा. उद्या तुम्ही धरले जाल. न्यायाधीश विचारेल, हा आपखुशीने चाचा झाला की ओढून आणला? ओढून आणलेल्याला सोडतात. पण पुरावा लागतो. घरी लग्नाची लेक आहे माझी. चाच्याची पोर कोण करून घेईल?"

"माझा शब्द पुरे नाही?"

"तोंडचा शब्द वाऱ्याबरोबर जातो, कप्तान. लेखी असलेलं बरं."

जहाजावर लिहिता येणारा मिस्त्री एकटाच. त्याने मापांच्या वहीतलं पान फाडलं आणि आपल्या गोल, टपोऱ्या अक्षरात मजकूर लिहिला. कप्तानाने डांबराच्या पिंपात अंगठा बुडवून खाली उठवला. मिस्त्रीने कागद मेणकापडात गुंडाळून कमरेला बांधला आणि मग कुठे करवत उचलली.

चार दिवसांनी तोफवाला येऊन शेजारी टेकला. त्याने लाकडाचा भुसा चिवडला.

"मिस्त्रीकाका, मलाही एक कागद करून द्या की."

"तू तर हौसेने आलायस म्हणे. घरातून पळून."

"आलो. म्हणून काय मला आई नाही?"

मिस्त्रीचा हात लाकडावर कडक, पण माणसांपुढे लोण्याचा. त्याने लिहून दिलं. मग स्वयंपाकी आला, शिडं शिवणारा आला, एकामागून एक सत्तावीस जण आले. प्रत्येकाला कोणी ना कोणी होतं, कुणाची म्हातारी, कुणाची बहीण. एकाला कोणीच नव्हतं, तर तो त्या दुःखावर कागद घेऊन गेला. कप्तान हसत हसत अंगठे उठवत राहिला. मिस्त्रीला वाटलं होतं, कागद हाती आला की ही पोरं जरा देवाला भिऊन वागतील. झालं उलटंच. निर्दोषपणाचा पुरावा कमरेला बांधलेला असल्यावर लुटायला हात अधिकच मोकळा झाला.

एका सकाळी क्षितिजावर आरमाराची तीन शिडं दिसली. चाच्यांचं जहाज दुप्पट मालाने जड झालं होतं. पळणं शक्य नव्हतं. जो तो आपली मेणकापडाची पुरचुंडी चाचपू लागला. कप्तान खाली मिस्त्रीकडे आला. पहिल्यांदाच त्याच्या हातात तलवार नव्हती.

"मिस्त्री, सगळ्यांचे झाले. माझा?"

"तुमच्यावर कोण जबरदस्ती करणार? जहाज तुमचं, हुकूम तुमचा."

"कुणाचं तरी नाव घाल."

"कुणाचं घालू? जो तो तुमच्या अंगठ्याखाली सुटलाय."

"मग तुझं घाल," कप्तान म्हणाला आणि चक्क खाली बसला. "तुला काय भीती? तुझा कागद तर पहिला आहे." त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. एवढा थोरला माणूस, लहान मुलासारखा नाक पुसत होता.

मिस्त्रीने त्याच्याकडे पाहिलं. एका कागदाने एक जीव वाचत असेल, तर शाईला कसला आलाय कंजूसपणा, असं त्याच्या मनात आलं. त्याने पान फाडलं. 'या माणसाला मी धाक दाखवून चाचेगिरी करायला लावली.' खाली स्वच्छ सही केली, धंद्यासकट. कामात हयगय करणं त्याला जमत नसे.

न्यायाधीशाने एकोणतीस कागद टेबलावर मांडले आणि सावकाश वाचले. सत्तावीस जणांवर कप्तानाची जबरदस्ती. कप्तानावर सुताराची. मग त्याने मिस्त्रीचा कागद उचलला.

"साहेब, माझा सगळ्यांत आधीचा आहे," मिस्त्री म्हणाला. "त्यावर कप्तानाचा अंगठा आहे."

"दिसतोय. अक्षर कुणाचं?"

"माझंच."

"आणि कप्तान सगळं तुझ्या धाकाने करत होता, हेही तूच लिहून दिलंयस."

मिस्त्रीने कप्तानाकडे पाहिलं. कप्तान खाली मान घालून आपल्या काळ्या अंगठ्याकडे बघत होता.

"मग हा अंगठाही त्याने तुझ्याच धाकाने उठवला," न्यायाधीश म्हणाला आणि कागद बाजूला ठेवला.

त्या दिवशी अठ्ठावीस जण घरी गेले.

आजही त्या किनाऱ्यावर सगळ्यांत क्रूर चाचा म्हणून एकाचंच नाव घेतात. तो माणसं करवतीने कापायचा म्हणे. हे ज्याने पसरवलं तो म्हातारा बंदरावर खाणावळ चालवायचा आणि कहाणी सांगताना दर वेळी खरोखर रडायचा. एखाद्या गिऱ्हाइकाने शंका काढलीच, तर तो कमरेची पुरचुंडी सोडायचा, पिवळा पडलेला कागद हलकेच उलगडायचा आणि म्हणायचा, "तोंडच्या शब्दावर जाऊ नका. लेखी आहे."