मागचा जोर

“पिग चढावर रेंगाळलाय, मॅडम,” वायरलेसवर नवऱ्याचा आवाज आला. “मागून गॅस वाढवतो.”

‘मॅडम’वर त्याने नको तेवढा भर दिला. गॅसवाहिनीच्या त्या टोकाला तो होता. या टोकाला, कंट्रोल रूममध्ये, ती. प्रमुखाच्या जागेसाठी अर्ज दोघांनी केला होता आणि जागा तिला मिळाली. तेव्हापासून तो घरात मीठ मागण्यापुरतंच बोलत होता. स्वयंपाक चांगला झाला तर तेवढंही नाही.

आज तिच्या हाताखाली पहिलाच पिग येत होता. पिग म्हणजे रबराचा जाडजूड बोळा. गॅस त्याला मागून ढकलतो आणि तो पाइपातलं पाणी, गाळ, सगळं पुढे लोटत येतो. पाण्याचं काही नाही, त्यासाठी टाकी रिकामी ठेवलेली असते. धास्ती मागच्या गॅसची. तो एकदम लोंढ्याने आला की स्टेशन आपोआप बंद पडतं, शहरभरच्या शेगड्या विझतात आणि नव्या प्रमुखबाई सगळ्यांच्या तोंडी होतात.

“वाढवू नका,” ती म्हणाली. “उलट कमी करा.”

सगळी स्टेशनं ही लाइन कान टवकारून ऐकत होती.

“कमी? अहो, तो चढावरच बसेल!”

“नाही बसणार. मागे साठलाय तेवढा गॅस त्याला माथ्यावर न्यायला पुरे. माथा ओलांडला की पुढचं पाणी उतारावरून धावत सुटेल, त्याच्यामागे पिग, आणि त्याच्यामागे तुमचा सगळा गॅस माझ्या अंगावर. कमी करा.”

तिने वायरलेस खाली ठेवला.

“काय म्हणतात साहेब?” व्हॉल्व्हवरच्या काकांनी दारातून विचारलं.

“घरी तरी कुठे काय म्हणतात? काका, आपला व्हॉल्व्ह अर्धा बंद करा. समोरून जरा दाबून धरू.”

पिग चढावरच राहिला तर ती तोंडघशी पडणार होती. नवऱ्याने ऐकलंच नाही तर स्टेशन बंद. त्याच्याकडून येणारा गॅस दाखवणारा काटा जागचा हलेना.

मग हलला. खाली आला. तिला एकदम हलकं वाटलं.

थोड्या वेळाने पाइप गुरगुरला. पाणी आलं, टाकी भरत गेली. काका व्हॉल्व्हला चिकटून उभे होते. पाण्यामागून पिग येऊन शेवटच्या नळकांड्यात धप्पकन बसला, आणि त्याच्या पाठीवर गॅस आला तो दमल्यासारखा. दाबाचा काटा लाल रेघेच्या अलीकडे थांबला, थरथरला आणि मागे फिरला. काकांनी टाळी वाजवली. तिने खुर्चीतल्या खुर्चीत एक गिरकी घेतली, मग पदाची आठवण होऊन ताठ बसली.

“पिग पोचला,” ती वायरलेसवर म्हणाली.

वायरलेस खरखरला.

“मॅडम, सगळे ऐकतायत तोवर सांगतो. मी त्या खुर्चीत असतो तर गॅस वाढवला असता.”

लाइनवर कोणीतरी खाकरलं, तरी तो थांबला नाही.

“आणि हे घरी पुन्हा म्हणायला लावू नकोस.”