पुर्नरागमन

प्रेसमध्ये प्रूफं तपासताना कपाटावरचा जाडजूड शब्दकोश डोक्यात पडला. "मेंदूला हलका धक्का बसलाय," म्हणून डॉक्टरांनी दीड महिना घरी बसवलं. आज पुन्हा कामावर निघाले, तर नवऱ्याने दारातच हात जोडले. "अगं, आज पहिल्याच दिवशी कुणाच्या चुका काढत बसू नकोस. तुला सगळे वेलांटीबाई म्हणतात, ते काही कौतुकाने नाही."

प्रेसच्या दारावर रंगीत अक्षरांत फलक लावला होता : 'बाईंच्या पुर्नरागमनाचे हार्दिक स्वागत!'

'न'च्या डोक्यावर बसलेला तो आगाऊ रफार बघून जीव कासावीस झाला. हात आपोआप पर्समधल्या लाल पेनाकडे गेला. पण सगळे इतक्या आशेने माझ्या तोंडाकडे बघत होते, की वीस वर्षांत पहिल्यांदाच मी चूक गिळली आणि पर्स खांद्यावरून उतरवत म्हणाले, "अय्या, किती छान लिहिलंय!"

सगळ्यांचे चेहरे उतरले. मालकांनी माझी पर्स हळूच पुन्हा माझ्या खांद्याला अडकवली.

"बाई, अजून पंधरा दिवस आराम करा. तो रफार आम्ही मुद्दाम टाकला होता."