चिकटलेलं झाकण

"हा रंग म्हणायचा की शेवाळ?" बाबा मागून खेकसले. प्लॅस्टिकचा, तळहाताएवढा, माझा पहिलाच रणगाडा. सैन्यात खरा रणगाडा चालवलेल्या माणसासमोर रंगवायला बसलो, तिथेच फसलो. "नसेल बघवत तर आत जा," मीही भडकलो. "माझं काही कधी पटलंय तुम्हाला?" रणगाडा हिसकावून ते वरचं झाकण नखाने उचकटायला लागले. झाकण हलेना. रंग पातळ करून लावायचा असतो हे मला ठाऊक नव्हतं. जाड थराखाली ते पक्कं चिकटलं होतं. "उघड हे." "आत काही नाहीये, पोकळ आहे." "उघड म्हणतो ना!" त्यांचा भाजून आकसलेला अंगठा, ज्याबद्दल घरात कुणी विचारायचं नसे, फटीवर घासत राहिला. नख तुटलं. "बाबा, खेळणं आहे ते!" त्यांना ऐकूच गेलं नाही. झाकणापाशी तोंड नेऊन म्हणाले, "थांबा रे, बाहेर काढतो तुम्हाला."